खंड एकोणचाळीस

स्कॅनरला कागद दिसतो, हात दिसत नाही.
म्हणून बस्त्याव रुमाव यांच्या शाईचा प्रत्येक शिंतोडा
त्याने ठिपका म्हणून वाचला,
आणि ठिपका आला की सूर दीडपट.
घडीची रेघ त्याला खंडाची रेघ वाटली.
झुरळाने कुरतडलेल्या कडेला त्याने विराम दिला,
पाव मात्रेचा, छान वळणदार.

माझगावात, झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
मी हे निस्तरते. पानाला चाळीस रुपये.
खाली कोणाकोणाची आधार कार्डं निघत असतात,
वर माझ्या पडद्यावर लाल चौकटी :
या खंडात साडेचार मात्रा आहेत.
या खंडात पावणेचार.
सॉफ्टवेअर रागावत नाही. नुसतं मोजतं,
सहलीला नेलेली पोरं मोजणाऱ्या बाईंसारखं,
पुन्हा पुन्हा, तेवढीच भरेपर्यंत.

मी ठिपके काढते. एकेक.
हातावर टाळी धरून म्हणून बघते,
कारण दादरच्या क्लासात मी तबला शिकले होते,
ही पाच रेघांची लिपी नंतरची, पोटासाठी.
सरांनी पाहिलं असतं तर विचारलं असतं,
यात सम कुठाय गं?
सम नाही सर.
पहिली मात्रा आहे. दर चारांनी परत येते
आणि कोणी मान डोलावत नाही.

सगळ्यात वाईट त्रिकुटं.
तीन सुरांनी दोघांच्या जागेत बसायचं,
तर डोक्यावर तीनचा आकडा हवा.
बस्त्याव तो लिहायचेच नाहीत.
वाजवणाऱ्यांना ठाऊक, मग शाई कशाला घालवा.
मशीनला ठाऊक नाही.
चारशे बारा आकडे घातले मी या महिन्यात.

एकोणचाळिसावा खंड मात्र स्वच्छ होता.
डाग नाही, घडी नाही. टोकदार निबाने, ठाम हाताने लिहिलेल्या
पाच मात्रा.
चारच्या घरात पाच.

मला वाटलं, यात काहीतरी असणार.
गाणारीचा श्वास असेल. किंवा पडद्यावरचा एखादा दरवाजा,
उघडायला एक मात्रा जास्त घेणारा.
दोन दिवस मी तो खंड तसाच लाल ठेवला,
चहा पिताना त्याच्याकडे बघत.
सॉफ्टवेअरला म्हटलं, तुला नाही कळायचं.

मग ग्रँट रोडला फोन लावला.
केरसी मोगरेलिया, चेलो, दुसरी रांग, वय सत्त्याऐंशी.
पडद्यावरचं वाजवून ऐकवलं.
ते हसले, खोकले, पुन्हा हसले.

चूक आहे ती, म्हणाले.
रात्रभर लिहायचा आणि सकाळी सातला ताडदेवला कागद घेऊन हजर.
झोपेत तोच सूर दोनदा लिहिला असेल.

मग तुम्ही काय केलंत?
चार वाजवल्या.
सगळ्यांनी?
सव्वीस जणांनी. पहिल्याच फेरीला.
कोणी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही.
आणि त्यांना सांगितलं नाहीत?
काय सांगायचं? माझ्यापुढेच तर बसला होता.
समोर स्वतःचाच कागद,
आणि तोही चारच वाजवत होता.

मग त्यांनी तेवढा भाग गुणगुणून दाखवला,
दम लागला म्हणून मधेच सोडला,
आणि पानाला किती देतात ते विचारलं.
मी सांगितलं.
आम्हाला दोन रुपये मिळायचे, म्हणाले, आणि जेवण.

दुसऱ्यांदा आलेला सूर मी निवडला.
निळा होऊन तो क्षणभर थांबला.
लाल चौकट गेली.
खाली कोणीतरी दोन्ही बाजूंच्या प्रती मागत होतं.
बदल जतन करायचे का, असं विचारलं गेलं,
तेव्हा मी, सत्ताविसावी,
कोणाकडे न पाहता हो म्हटलं.

खंड चाळीस.
ठिपका. ठिपका. झुरळ.